साठीतल्या पुरुषाचे न बोललेले दुखणे

रविवारची ही पुरवणी घरातली सारी मंडळी वाचतात, हे मला ठाऊक आहे. तरीही आजचा विषय पुरुषाच्या उतारवयाचा, आणि त्यातही तो डॉक्टरांसमोरसुद्धा ज्याबद्दल गप्प बसतो, त्याचा आहे. बाईच्या रजोनिवृत्तीबद्दल आता चाळींतूनही बोलले जाते. पुरुषाची मात्र साठीशांत होते, शाल-श्रीफळ मिळते, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हशा पिकतो आणि विषय मिटतो.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चाळिशीच्या सुमारास उतरू लागते. वर्षाला साधारण एक टक्का. हा काही आजार नव्हे. काहींच्या बाबतीत मात्र ते फारच खाली जाते. कामेच्छा मावळते, थकवा हटत नाही, मन कशात लागत नाही. पंचाईत अशी की, मधुमेह, सुटलेले पोट, झोपेत अडणारा श्वास, नैराश्य यांचीही लक्षणे अशीच असतात.

बँकेतले माझे एक ज्येष्ठ सहकारी लालबागला राहतात. निवृत्तीनंतर वर्षभर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसून असत. मुले म्हणत, बाबांना करमत नाही. अखेर वहिनीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ''यांना कशातच रस उरलेला नाही. कशातच.'' त्या दुसऱ्या 'कशातच'चा अर्थ डॉक्टरांना बरोबर कळला. रक्ततपासणीत संप्रेरक तळाला गेलेले आढळले आणि पुढे पियूषिका ग्रंथीवर लहानशी गाठ निघाली. वहिनी संकोचल्या असत्या, तर ती गाठ तशीच वाढत राहिली असती.

याउलट आमचे दादरचे एक स्नेही. कट्ट्यावरच्या कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी तपासणीवाचूनच इंजेक्शने घेतली. काही महिन्यांत रक्त इतके दाट झाले की, ती तातडीने थांबवावी लागली.

एका दिवसाची शिल्लक पाहून आम्ही कधी कुणाला कर्ज दिले नाही. इथेही तोच रिवाज हवा. लक्षणे असतील तरच तपासणी. तीही सकाळी उपाशीपोटी, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा आकडा डेसिलिटरमागे सुमारे 300 नॅनोग्रॅमच्या खाली आला, तरच जेल किंवा इंजेक्शनाचा विचार. त्यानंतरही रक्ताचा दाटपणा आणि प्रोस्टेट यांवर लक्ष ठेवावे लागते. हृदयविकार असलेल्या किंवा तो होण्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांची अमेरिकेतली एक मोठी चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. या औषधाने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा तिने दिला. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. हाडेही अधिक मोडली. तेव्हा हे तारुण्याचे टॉनिक नव्हे.

तारुण्य विकण्याचा धंदा जुनाच आहे. 1889 साली ब्राऊन-सेकार या नामवंत शास्त्रज्ञाने वयाच्या 72व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि नवी ताकद आल्याचे जाहीर केले. खरे टेस्टोस्टेरॉन हाती आले 1935 साली! आपल्याकडे कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे. रेल्वेच्या रुळांकाठच्या भिंतींना मात्र तो कायदा कुणी वाचून दाखवला नसावा.

लाजेवर हा धंदा चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. र. धों. कर्व्यांनी गिरगावात राहून 1927पासून 'समाजस्वास्थ्य' काढले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. त्या उत्तरांपायी 1934 साली खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज उत्तर देणाऱ्याला कुणी कोर्टात खेचत नाही. विचारणाराच जिना चढत नाही.

परळच्या केईएममध्ये ग्रंथीविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाताना चालू औषधांची यादी बरोबर ठेवावी आणि पत्नीलाही न्यावे. डॉक्टरांनी विचारले, तर निम्मी उत्तरे तीच देईल.