गुळावर नाव कोणाचे?

कोल्हापूरच्या बाजार आवारात हंगामाच्या दिवसांत गुळाचा सौदा निघतो, त्या वेळी थोडा वेळ बाजूस उभे राहून पाहावे. रव्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. खरेदीदार येतो, वरचा रवा न्याहाळतो, कोपरा खरवडून कण पाहतो, रंग पाहतो आणि बोली होते. ज्याने तो ऊस बारा-चौदा महिने जोपासला, चुलवाणापुढे रात्र काढली, त्याच्या कामाची चौकशी तेथे होत नाही. ती करावयास वेळही नसतो, आणि ह्यात खरेदीदाराचा अपराध आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मालास नाव नाही, त्याची परीक्षा डोळ्यांनीच होणार.

ह्या डोळ्यांच्या परीक्षेने आपल्या गुऱ्हाळांचे मोठे नुकसान केले आहे. पिवळाधमक गूळ तो चांगला आणि तांबूस-काळसर तो हलका, अशी समजूत बाजारात रूढ झाली, आणि मग रंग आणण्याकरिता काहिलीत हायड्रॉसची पूड पडू लागली. ह्या पुडीने रस फिकट होतो व रवा उजळ दिसतो; परंतु तो रंग टिकाऊ नव्हे, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. शिवाय गंधकाचा अंश गुळात राहतो. त्यावर कायद्याने मर्यादा घातली आहे : एका किलोत ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सल्फर डायॉक्साइड असता कामा नये. उलट जो गुळव्या भेंडीच्या झाडाच्या चिकट रसाने मळी काढतो आणि पूड टाळतो, त्याचा रवा तांबूस उतरतो व सौद्यात मागे पडतो. पन्हाळा तालुक्यातील एका गुऱ्हाळमालकांनी मला एकदा सरळ सांगितले, “साहेब, रंगाला भाव आहे, गुणाला नाही. तुम्ही सांगता म्हणून पूड सोडली, आता क्विंटलमागचा तोटा तुम्ही भरून देणार का?” ह्या प्रश्नास मजजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न होय.

माझे म्हणणे असे की, चांगल्या पण दिसण्यास साध्या अशा मालास स्वतःविषयी चार शब्द सांगण्याची जागा हवी. ती जागा म्हणजे वेष्टनावरील छापील चिठ्ठी, आणि आजच्या काळात तिच्या जोडीने ग्राहकाच्या हातातील फोन. ह्या दोन्ही गोष्टी मोठ्या कारखानदारांच्या आहेत, आपल्या नव्हेत, अशी जी समजूत आहे ती सोडून द्यावयास हवी.

ह्या बाबतीत आपल्याच भागातील एक जुने उदाहरण आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर विकले जाईनात. माल उत्तम होता. परंतु तो उत्तम आहे हे सांगणारे कोणी नव्हते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती गावोगावी पोचविणारे ते पत्र पुढे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या रूपास आले. नांगर विकणाऱ्या माणसांना छापील शब्दाची गरज पटली होती. गूळ विकणाऱ्यास ती का पटू नये?

मात्र छापणे म्हणजे पैसा उधळणे नव्हे. एका महिला बचत गटाने काकवी विक्रीस काढली त्या वेळची हकीकत सांगतो. भगिनींनी मोठ्या उत्साहाने पाच हजार गुळगुळीत हस्तपत्रके छापून घेतली. पत्रकावर उद्घाटनास आलेल्या मान्यवरांची छायाचित्रे होती, शुभेच्छा होत्या, वर देवीचे चित्र होते. काकवीची बाटली मात्र कोठेच नव्हती. किंमत नव्हती, वजन नव्हते, आणि खाली जो भ्रमणध्वनी क्रमांक दिला होता त्यात दहाऐवजी नऊच आकडे होते. छपाईपूर्वीचा नमुना वाचून पाहण्याचे काम माझ्याकडे होते व मी ते घाईत उरकले, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे दोन वर्षे त्या पत्रकांच्या पाठीवर गटाचे हिशेब लिहिले जात होते.

तेव्हा हस्तपत्रकाआधी चिठ्ठीकडे लक्ष द्यावे. पत्रक वाऱ्यावर जाते, चिठ्ठी मालाबरोबर ग्राहकाच्या स्वयंपाकघरात जाते व गूळ संपेपर्यंत तेथे राहते. चिठ्ठीवर काय असावे ह्याचा बराचसा निर्णय कायद्यानेच करून ठेवला आहे. ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास अन्नसुरक्षा कायदा त्याच्या पिकापुरता लागू होत नाही; परंतु त्याच उसाचा गूळ होऊन पाकिटात बसला की करणारा अन्नव्यावसायिक ठरतो. त्यास नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक चिठ्ठीवर छापावा लागतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, तयार केल्याची व वापरण्याच्या मुदतीची तारीख, घाणीचा किंवा गटाचा क्रमांक, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहाराची हिरवी खूण हे सारे हवे. पुष्कळांना ही यादी जाच वाटते. मला मात्र तीत उत्पादकाचे हित दिसते. ज्या पाकिटावर पत्ता आहे त्याच पाकिटाचे गिऱ्हाईक परत येऊ शकते.

एक गोष्ट पुष्कळ कार्यकर्त्यांस ठाऊक नसते. ह्या सक्तीच्या नोंदी इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असाव्या लागतात. मराठी मजकूर त्यांच्या जोडीस कितीही घालता येतो, परंतु केवळ मराठी चिठ्ठीने कायद्याची पूर्तता होत नाही. मराठी मुलखात, मराठी माणसास विकावयाच्या गुळाबाबत हा नियम मला चमत्कारिक वाटतो. पण तो आहे, आणि तो न पाळल्याने छापलेल्या चिठ्ठ्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

छपाई करताना तारीख, घाणीचा क्रमांक व किंमत ह्यांची जागा कोरी सोडावी आणि प्रत्येक वेळी तेथे रबरी शिक्का मारावा. भाव हंगामाबरोबर बदलतो. छापील किमतीच्या हजारो चिठ्ठ्या घरात पडून राहिल्या की जुनी किंमत खोडण्याचा मोह होतो आणि तेथून अडचणींस सुरुवात होते. गूळ हवेतील ओल शोषून घेणारा पदार्थ आहे हेही विसरू नये. साधा कागद खळीने थेट भेलीच्या आवरणास चिकटविला तर पावसाळ्यात तो सुटतो, शाई पसरते, आणि ग्राहकाच्या हाती काळा डाग व निनावी गूळ एवढेच उरते. पुठ्ठ्याच्या डब्यावर, ओल न धरणाऱ्या कागदाची चिठ्ठी लावणे थोडे महाग पडते, पण ते करावे.

आता त्या चार शब्दांविषयी. तांबूस गूळ विकणाऱ्याने चिठ्ठीवर काय लिहावे? ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्तम’, ‘अमृततुल्य’ हे शब्द लिहू नयेत. ते सर्वच लिहितात व कोणीच वाचत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्दही सहज वापरू नये, कारण तो आता कायद्याने बांधलेला आहे. २०१७ च्या विनियमांप्रमाणे त्यामागे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडिया पद्धतीचे प्रमाणपत्र असावे लागते. जे केले तेच लिहावे : ‘ह्या गुळात हायड्रॉस घातलेले नाही. मळी भेंडीच्या रसाने काढली आहे. म्हणून रंग तांबूस आहे.’ एवढ्या तीन वाक्यांनी जो रंग सौद्यात दोष ठरतो तोच ग्राहकाच्या दृष्टीने खूण ठरतो. अर्थात ही वाक्ये खरी असली पाहिजेत. एखाद्या घाणीत पूड पडली असेल तर त्या घाणीच्या पाकिटास ही चिठ्ठी लावू नये, मग मागणी कितीही असो. प्रयोगशाळेत तपासणी होते तेव्हा चिठ्ठीवरील शब्दच पुरावा म्हणून पुढे येतो.

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूरच्या नावाखाली दुसरीकडचा गूळ खपतो, ही आपली जुनी तक्रार. त्या नावाचे संरक्षण मिळाले खरे; परंतु मानांकन घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीने प्रत्येक गुऱ्हाळाच्या चिठ्ठीवर ती खूण आपोआप येत नाही. उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. हे काम कागदोपत्री असून कंटाळवाणे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका वेळी पाच-दहा गुऱ्हाळांचे अर्ज एकत्र भरून घेतल्यास ते सोपे होते.

चिठ्ठीचे काम झाले म्हणजे फोनकडे वळावे, त्यापूर्वी नव्हे. पुण्यातील ग्राहकाने गूळ खाल्ला, आवडला, आणि चिठ्ठीवरील नाव फोनमध्ये लिहून शोधले, तर त्यास काही तरी सापडले पाहिजे. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. नाव चिठ्ठीवर जसे आहे अगदी तसेच तेथे लिहावे. चिठ्ठीवर एक, फलकावर दुसरे व नकाशावर तिसरे अशी नावे असली की ग्राहकास तीन निरनिराळी गुऱ्हाळे वाटतात. जागेची खूण प्रत्यक्ष गुऱ्हाळघरावर उभे राहून लावावी. गट क्रमांक तलाठ्यास उपयोगी, वाटसरूस नव्हे. छायाचित्रे आपलीच असावीत : उकळती काहील, वाफ्यात ओतलेला पाक, साच्यातून काढलेल्या भेल्या. दुसऱ्याच्या पिवळ्या गुळाचे सुंदर चित्र उचलून लावले तर तांबूस गूळ हाती आल्यावर ग्राहक फसवणूकच समजेल.

गुऱ्हाळे बारमाही चालत नाहीत, ही गोष्ट नकाशास आपण होऊन कळत नाही. एक कुटुंब जूनमध्ये मुलांना गूळ कसा होतो ते दाखविण्याकरिता मोटारीने आले आणि थंड चुलवाण पाहून परतले. जाताना त्यांनी नोंदीवर नाराजीचा अभिप्राय लिहून ठेवला. हंगाम संपताच ‘तात्पुरते बंद’ असे नोंदविले असते तर हे टळले असते. असा अभिप्राय आला तरी चिडू नये, खाली दोन ओळींत क्षमा मागून हंगामाचे महिने कळवावेत. भाच्या-पुतण्यांकडून खोटे गोड अभिप्राय लिहवून घेण्याची युक्ती मात्र करू नये. ते ओळखू येतात.

खाते कोणाच्या क्रमांकावर उघडावे, ह्याकडे विशेष लक्ष द्यावे. घरातील शिकलेला मुलगा हौसेने आपल्या फोनवर सर्व उघडतो, पुढे नोकरीनिमित्त शहरात जातो, क्रमांक बदलतो, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांना स्वतःच्याच नोंदीत दुरुस्ती करता येत नाही. व्यवसायाचा क्रमांक स्वतंत्र व कायमचा असावा. तोच चिठ्ठीवर, तोच नकाशावर, तोच व्हॉट्सॲपवर.

नाव फोनवर दिसू लागले की ग्राहकांबरोबर भामटेही येतात. ‘तुमची नोंद वर आणून देतो’ म्हणून पैसे मागणारे येतात. आणखी एक प्रकार अधिक घातक आहे : सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणी करून दोनशे किलोची मागणी नोंदवावयाची आणि ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगावयाचे. पैसे घेण्याकरिता पिन घालावा लागत नाही, कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही. हे वाक्य प्रत्येक गटाच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी पुनःपुन्हा सांगावे, आणि फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० ह्या क्रमांकावर कळविण्यास सांगावे.

पन्हाळ्याच्या त्या मालकांकडे मी नंतर गेलो होतो. त्यांचा बहुतेक गूळ आजही सौद्यातच जातो, आणि अडत्याशी त्यांचे संबंध पूर्वीसारखेच आहेत. ते तोडावेत असे मीही सुचविले नाही, कारण शंभर रवे घरी बसून एक-एक किलोने विकणे एका कुटुंबास शक्य नाही. परंतु दर घाणीतला थोडा गूळ ते बाजूस काढतात, मालकीणबाई त्याच्या भेल्या करतात, शिक्का मारतात व डब्यात भरतात. त्या डब्यांचा भाव ते स्वतः ठरवितात. माझ्यासमोर फोन वाजला. पलीकडच्या बाई विचारीत होत्या की गूळ काळसर का आहे. वहिनींनी उत्तर दिले, “चिठ्ठी वाचली का ताई? तिसरी ओळ बघा.”