५५ विजय, ६० पराभव!



आज एक कोडं घालते. ज्या माणसानं एखादा खेळ शोधून काढला, त्याचाच संघ जिंकला कमी आणि हरला जास्त, असं कधी होईल का? झालंय! तेही बास्केटबॉलमध्ये.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये कडाक्याची थंडी. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतली मुलं व्यायामशाळेत त्याच त्या कवायतींना कंटाळलेली. शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि फुटबॉल त्या टोपल्यांत टाकायला सांगितलं. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की दरवेळी वरून काढावा लागे!

१८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी पुरुषांचा संघ उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ ला पहिला सामना झाला. संघ ५-१६ असा हरला. १९०७ पर्यंतचा हिशेब? ५५ विजय, ६० पराभव. आज नामांकित असलेल्या या संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले प्रशिक्षक ते एकटेच.

नेस्मिथना त्याचं फारसं दुःख नव्हतं. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्यांनी आपल्या शिष्याला, फॉग ॲलनला सांगितलं होतं. ॲलननी काही ते ऐकलं नाही! त्यांच्या हाताखाली कॅन्सस १९५२ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. त्या संघातले डीन स्मिथ पुढे मायकेल जॉर्डनचे गुरू झाले.

पण या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. १९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शिकायला आला. विद्यापीठाचा संघ फक्त गोऱ्यांचा. त्याला त्या संघातून कधीच खेळता आलं नाही. म्हाताऱ्या नेस्मिथनी मात्र त्याला आपला विद्यार्थी मानून घडवलं. पुढे मॅकलेंडन स्वतः प्रशिक्षक झाले आणि १९५७, १९५८, १९५९ अशी सलग तीन वर्षं त्यांच्या टेनेसीच्या संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. ५५-६० च्या हिशेबात हे विजय कुठे मांडणार, सांगा बरं?

आता आपल्याकडे या. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले एच. सी. बक मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. आपल्या तंजावरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पोहोचतो, त्याच शहरात! तिथे शिकलेले पीटी सर शाळाशाळांत गेले. मुलांना खेळ शिकवणं ही सुद्धा एक विद्या आहे, हे त्या महाविद्यालयानं आपल्याला दाखवलं.

आणि आपण काय करतो? दहावी आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा! "खेळून काय मार्क मिळणार आहेत?" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही?

आजी-आजोबा, आई-बाबा, एवढं कराच. मूल घामाघूम होऊन घरी आलं की "जिंकलास का?" हे जरा नंतर विचारा. आधी विचारा, "मजा आली का?" आणि मग हळूच, "आज कुणाला खेळायला घेतलं नाही, असं तर झालं नाही ना?"

भेटूया पुढच्या भागात!