एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती टँकर?

परवा एफवायबीएस्सीच्या पोरांना एक साधा प्रश्न विचारला. "१ मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर किती लिटर पाणी पडलं?" वर्ग गप्प. त्यातली निम्मी पोरं शेतकऱ्यांच्या घरातली. बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क घेतलेलीही होती. शेवटी एक जण म्हणाला, "सर, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पाणी लिटरमध्ये, हे जुळवायचं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त तो सातवीत पडायला हवा होता.

उत्तर सोपं आहे. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर. एक मोठा टँकर! हेक्टरला मिलिमीटरमागे एक टँकर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता आपल्या जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारला चला. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे १ मिलिमीटर पावसात गावावर ९७७ टँकर, जवळपास एक कोटी लिटर पाणी पडतं. दुष्काळी वर्षात समजा ३०० मिलिमीटरच पाऊस झाला, तरी सुमारे २९३ कोटी लिटर.

मग गावाला पिण्या-वापरायला लागतं किती? लोकसंख्या दीड हजार धरा, माणशी रोज ५५ लिटर धरा. वर्षाचे होतात तीन कोटी लिटर. म्हणजे फक्त ३ मिलिमीटर पाऊस! अर्थात पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही. बरंचसं वाहून जातं, वाफ होऊन उडतं, मातीत मुरून पिकाच्या मुळांना जातं. तरीही आकडा डोळे उघडणारा आहे.

आता दुसरी बाजू. उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एका हेक्टरला दोन कोटी लिटर. दीड हेक्टर ऊस वर्षाला जेवढं पाणी पितो, तेवढ्यात अख्ख्या गावाचं पिण्या-वापरण्याचं पाणी भागतं. हिवरे बाजारने ऊस-केळीसारख्या पिकांना नाही म्हटलं आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ती का, हे या एका गणितात कळतं.

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, डोंगरावरचे चर यावरही भरपूर लिहून झालंय. पण मला त्या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, हे मोजायचं. त्यातून पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. हे फिजिक्स नाही तर काय आहे? पाणी निर्माण होत नाही, नाहीसंही होत नाही, आलं तेवढंच कुठेतरी जातं. पुस्तकात याला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम म्हणतात. गावात त्याला जमाखर्च म्हणतात.

एकेक संकल्पना घ्या. मोजमापातली चूक? पर्जन्यमापक वाचताना २ मिलिमीटरची गफलत झाली, की ताळेबंदात जवळपास दोन कोटी लिटरचा फरक पडला. सच्छिद्रता? आपला खडक काळा बेसॉल्ट. समजा, त्याच्या भेगा-पोकळ्यांतून उपसता येणारं पाणी दोनच टक्के आहे. मग २० मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरीची पातळी एक मीटर वर येते. आपण खूश! पण ते एक मीटर पाणी नसतं, २० मिलिमीटरच असतं. उपसायला लागलं की तितक्याच झपाट्याने पातळी खाली जाते.

ऊर्जा? १,००० लिटर पाणी २० मीटर वर काढायला निदान १.९६ लाख ज्यूल लागतात. तेच २०० मीटरच्या बोअरमधून काढायला दहापट. पंपाचं नुकसान वेगळंच. पोरं 'एमजीएच' घडाघडा लिहितात, पण घरचं लाइटबिल आणि बोअरची खोली यांचा संबंध त्यांना कोणी लावून दाखवलेला नसतो.

काही जण म्हणतील, गाव नेतृत्वामुळे बदललं, गणितामुळे नाही. अर्धं खरं आहे. नेतृत्व हवंच. पण शेजाऱ्याला "तू ऊस लावू नको" असं नुसतं म्हटलं तर भांडण होतं. आकडा सगळ्यांसमोर मांडला आणि तो सगळ्यांना कळला, तर निदान बोलणं सुरू होतं. आकडा कळणारी माणसंच गावात नसतील, तर निर्णय कोण घेणार? ज्याची बोअर खोल, तो!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल व्हर्नियर कॅलिपरचं नको, आपल्या गावाच्या पाण्याचं हवं. पाऊस मोजा, गावाच्या क्षेत्राने गुणा, चार विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मापा आणि तो हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा. मार्क त्यावर द्या. एकक, क्षेत्रफळ, आकारमान, चूक, ऊर्जा, सगळं त्यातच येतं.

महागडं उपकरणही लागत नाही. सपाट बुडाचं, सरळ भिंतींचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवा आणि आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. भांडं अरुंद असो की रुंद, उंची तेवढीच येते. का? हे आज घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला विचारा.

आणि कमेंटमध्ये सांगा, तुमच्या गावाचं क्षेत्र किती हेक्टर आहे आणि यंदा गावावर किती टँकर पाऊस पडला?