दहा अंशांचा कल आणि पॅनेलमागची हवा

जर्सी सिटीत इंडिया स्क्वेअरच्या आसपास एकमेकांना खेटून उभी असलेली दोन-तीन मजली घरं आहेत. प्लॉट बहुतेक २५ फूट रुंद, छत सपाट, त्यावर काळं रबरी आवरण आणि कडेला विटांचा कठडा. महाराष्ट्रात सौर पॅनेल बसवण्याचं काम शिकून तिकडे गेलेल्या आपल्या वाचकांना अशा छतावर पहिला प्रश्न पडतो तो कोनाचा. पुण्यात अक्षांशाइतका कल दिला की काम भागतं. जर्सी सिटीचा अक्षांश ४०.७ अंश, म्हणजे इथे चाळीस अंश द्यायचे का?

वर्षभराचं उत्पादन पाहिलं तर एकट्या पॅनेलसाठी ३५ अंशांच्या आसपासचा कल सर्वांत चांगला. तरीही या छतांवर १० अंशच द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि ते तडजोड म्हणून नव्हे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. १.१ मीटर रुंदीचं पॅनेल आडवं लावून ३५ अंशांवर उचललं की त्याची मागची कड ६३ सेंटिमीटर वर जाते आणि दुपारी बारालाच १ मीटर ३० सेंटिमीटर सावली पडते. १० अंशांवर हीच सावली ४० सेंटिमीटरच्या आत राहते. पंधरा मीटर लांबीवर पहिल्या पद्धतीने सात ओळी बसतात, दुसऱ्या पद्धतीने दहा. प्रत्येक पॅनेलमागे सात-आठ टक्के युनिट कमी मिळतात, पण अख्ख्या छताचे युनिट तीस टक्क्यांच्या आसपास वाढतात. न्यू जर्सीत नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट वर्षभर पुढे नेता येतात, त्यामुळे हिवाळ्यासाठी वेगळा उभा कल देण्याची गरजही उरत नाही.

वाऱ्याचं गणितही याच बाजूने आहे. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ या शहरावरून गेलं. रबरी आवरणाला भोकं पाडायची नसतील तर स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांनीच दाबून धरावं लागतं, आणि कल वाढेल तसे ठोकळे वाढतात. शंभर वर्षं जुन्या तुळयांवर ते वजन टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच.

दिशेबद्दल एकच सूचना. इथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे साडेबारा अंश पश्चिमेकडे झुकते. मुंबई-पुण्यात हा फरक नगण्य असल्याने आपल्याला तो तपासायची सवय नसते. सुईवर विसंबून दक्षिण धरली तर पॅनेल तेवढं पूर्वेकडे वळतं. १० अंशांच्या कलावर त्याने फारसं बिघडत नाही. ३५ अंशांवर फरक जाणवू लागतो.

आता उष्णता. याच राज्यात, मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये, एप्रिल १९५४मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौर सेल लोकांना दाखवला गेला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजच्या चांगल्या पॅनेलची २२ टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेल्या उन्हाचा मोठा भाग उष्णता बनून पॅनेलमध्येच राहतो. डेटाशीटवरचे ४०० वॉट हे सेल २५ अंश सेल्सिअसला असतानाचे. जुलैत हवा ३३ अंश आणि ऊन पूर्ण असेल तर सेल ६४ अंशांपर्यंत तापतो. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर ४०० वॉटचे ३४५ उरतात. नागपूरच्या मे महिन्यात यापेक्षा वाईट अवस्था होते, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको.

हा ६४चा आकडासुद्धा चौकट मागून मोकळी असेल तेव्हाचा. कल कमी केला की मागची हवा कोंडते, आणि वारा रोखायला मागे पत्रा लावला की आणखी कोंडते. खाली काळं छत तापलेलं असतंच. सेल दहा अंशांनी जास्त तापला तर आणखी १४ वॉट जातात. म्हणून १० अंशांचा कल स्वीकारणाऱ्याने खालच्या कडेला किमान दहा-बारा सेंटिमीटर मोकळी जागा सोडलीच पाहिजे, ओळींमध्ये वाट ठेवली पाहिजे, आणि छत नव्याने करायचंच असेल तर मालकाला पांढरं आवरण सुचवलं पाहिजे. कोनावर तासभर वाद घालणारे आपण या मोकळ्या जागेबद्दल चकार शब्द काढत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

थंडीत पॅनेल खुशीत चालतं, पण धोका तेव्हाच असतो. ४१ व्होल्ट ओपन सर्किटची १४ पॅनेलं एका स्ट्रिंगमध्ये जोडली तर कागदावर ५७४ व्होल्ट होतात. जानेवारीच्या पहाटे उणे १५ अंशांत पहिलं ऊन पडतं तेव्हा सेल अजून गार असतात आणि व्होल्टेज ६३६वर जातं. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी अमेरिकी विद्युत संहितेची मर्यादा ६०० व्होल्ट आहे. तिथे तेराच पॅनेलं लावायची, म्हणजे ५९० होतात. मायक्रो-इन्व्हर्टर वापरणाऱ्यांची या लांब स्ट्रिंगच्या हिशेबातून सुटका होते. महाराष्ट्रात शिकलेला हात मात्र इथे हमखास चुकू शकतो, कारण उणे तापमानासाठी स्ट्रिंग मोजायची वेळ आपल्यावर कधी येतच नाही.

घरमालकांना मिळणारी ३० टक्क्यांची फेडरल करसवलत २०२५च्या अखेरीस संपली. आता ग्राहकाचे पैसे किती वर्षांत वसूल होणार, हे आपण कागदावर लिहिलेल्या युनिटांवरच ठरेल. कोटेशनमध्ये जुलैचं धरलेलं सेल-तापमान आणि जानेवारीचं धरलेलं किमान तापमान हे दोन्ही आकडे लिहा, ग्राहकाने विचारले नाहीत तरी. आणि ज्यांची कामं उभी आहेत त्यांनी येत्या जुलैत दुपारी एक वाजता मधल्या ओळीतल्या मधल्या पॅनेलच्या पाठीचं आणि कडेच्या पॅनेलच्या पाठीचं तापमान मोजावं, खालची मोकळी जागा किती आहे ते शेजारी लिहावं आणि नोंद आमच्याकडे पाठवावी. जर्सी सिटीच्या न्यूअर्क अॅव्हेन्यूवरची असो वा नागपूरच्या धरमपेठेतली, प्रत्येक नोंद आम्ही या मासिकात छापू.