आरोग्य-चिंतन : किरणोपचारानंतरचा खोकला

स्तनाच्या, फुफ्फुसाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगावरील किरणोपचार पूर्ण झाले की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे दोन-अडीच महिन्यांनी रुग्णाला कोरडा खोकला येऊ लागतो, जिना चढताना धाप लागते, अंगात कणकण राहते. ऋतू बदलला, दुकानातील मसाल्याची धूळ बाधली, असे म्हणून काढा दिला जातो. कारण मात्र निराळे असू शकते.

फुफ्फुसातील प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात मिसळतो. छातीवर दिलेल्या किरणांनी या वाहिन्यांच्या आतील अस्तरालाही इजा होते. अस्तर दुबळे झाले की वाहिन्या पाझरतात आणि वायुकोशांच्या भिंती सुजतात. ही सूज बहुधा उपचारानंतर 1 ते 3 महिन्यांत, क्वचित 6 महिन्यांपर्यंत प्रकट होते. पुढे काही ठिकाणी केशवाहिन्या बुजून तेथे व्रणासारखे कठीण तंतू तयार होतात. तो भाग पूर्ववत होत नाही. म्हणूनच वेळीच निदान होणे महत्त्वाचे ठरते.

ही सूज जंतूंमुळे नसल्याने केवळ प्रतिजैविकांनी शमत नाही. सीटी स्कॅनमध्ये ती पुष्कळदा किरण दिलेल्या भागापुरतीच दिसते. त्यामुळे नव्या डॉक्टरांना किरणोपचार केव्हा व छातीच्या कोणत्या भागावर झाले, हे आरंभीच सांगावे आणि उपचारांचे कागद दाखवावेत. त्रास सौम्य असल्यास देखरेख पुरते. तो अधिक असल्यास स्टेरॉइड देतात व काही आठवड्यांत मात्रा हळूहळू उतरवतात.

जैन कुटुंबांनी येथे विशेष सावध असावे. पर्युषणात अठाई किंवा दशलक्षणात उपवास धरून हे औषध एकाएकी बंद केल्यास सूज उलटू शकते, रक्तदाब उतरून रुग्ण गळून जाऊ शकतो. म्हणून व्रताचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा. ही गोळी बहुधा सकाळी अन्नासोबत देतात. तशी दिली असल्यास ती नवकारसीनंतर घेता येते आणि चौविहारही सांभाळता येतो. मात्र बसल्या जागी दम लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर रुग्णालय त्याच घटकेला गाठावे.

षोडशकारण भावनांमध्ये तपाआधी ‘शक्तितः’ हा शब्द आहे. रुग्णाची शक्ती ओळखून त्याला औषध घेऊ देणे, हेही घरच्यांचे वैयावृत्त्यच होय.