पाहुण्याच्या परवान्यावर मजूर

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कोणत्याही मोठ्या गावात 'तो व्हिजिटवर गेला आहे' या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलगा दुबई पाहावयास गेलेला नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. तीस किंवा साठ दिवसांच्या पाहुण्याच्या परवान्यावर तो काम शोधावयास गेलेला असतो. त्या मुदतीत काम मिळाले आणि मालकाने व्हिसा बदलून दिला, तर घरी पेढे वाटले जातात. मिळाले नाही, तर पुढील कित्येक महिने घरातील माणसे त्याच्याविषयी मोघम बोलतात. एजंटाला दिलेले पैसे मात्र दोन्ही परिस्थितींत गेलेले असतात, आणि ते बहुधा व्याजाने काढलेले किंवा आईचे दागिने गहाण टाकून उभे केलेले असतात.

ही वाट नवी नाही. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव चढले, आखाती देशांत इमारती, रस्ते आणि बंदरे उभी राहू लागली, आणि कोकणातील, विशेषतः किनाऱ्यावरील मुसलमान कुटुंबांतील तरुण तिकडे जाऊ लागले. उरलेल्या कोकणाला त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचा आधार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तोही सुटत गेला. ज्या घरातील आजोबा गिरणीत साच्यावर उभे राहिले, त्या घरातील नातू आज शारजाच्या एखाद्या खोलीत आठ-दहा जणांसमवेत खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन फोनची वाट पाहत बसतो. आखातातील सहा देशांत मिळून नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. त्यांतील बहुतेक रीतसर परवान्यावर राहतात, हे मान्य करावयास हवे. तथापि पाहुणा म्हणून जाऊन मजूर होणाऱ्यांचा ओघ कधी आटलेला नाही. तो का आटत नाही, याचे उत्तर सरकारी सूचनापत्रकांत सापडत नाही.

कागदावर पाहिले तर भारतीय मजुराला संरक्षण आहे. १९२२ चा जुना कायदा रद्द करून १९८३ साली उत्प्रवास कायदा करण्यात आला. त्यानुसार दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाला ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी करावी, बँकेची हमी द्यावी आणि मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक रक्कम घेऊ नये, असे नियम आहेत. मजुराचा दहा लाख रुपयांचा विमा उतरवावा लागतो. परंतु ही सारी तटबंदी एकाच शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द म्हणजे 'नोकरी'. जो पर्यटक म्हणून विमानात बसतो, त्याच्यापुरती ती तटबंदी नाहीशी होते. त्याचा करार नाही, विमा नाही आणि कोणत्याही दप्तरात मजूर म्हणून त्याची नोंदही नाही. जो तरुण दहावी उत्तीर्ण झालेला आहे, तो तर नोकरीसाठी गेला तरी या परवानगीच्या कक्षेबाहेरच राहतो. जणू शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र त्याला मालकाच्या लबाडीपासून वाचवणार आहे!

मग शहाणी माणसे ही वाट का धरतात? 'लोभामुळे' हे त्याचे सोयीचे उत्तर आहे, आणि ते खोटे आहे. रीतसर भरतीत नियमापेक्षा कितीतरी अधिक पैसे उकळले जातात, महिनोन् महिने वाट पाहावी लागते, आणि अखेरीस जे काम हाती येते ते सांगितलेल्या कामाशी जुळेलच असे नाही. त्यापेक्षा स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून काम धरावे, हा विचार मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पद्धत मालकाच्या सोयीची आहे. परदेशातून मजूर बोलवावयाचा तर परवाना, तिकीट आणि भरती यांचा खर्च मालकाने सोसावा, अशी अपेक्षा असते. पाहुण्याच्या परवान्यावर आलेला मजूर मात्र स्वतःच्या खर्चाने समुद्र ओलांडून दारात उभा असतो. त्याला निवडता येते, नाकारता येते, आठवडाभर फुकट राबवून 'पाहू' म्हणता येते. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या मजूर नाक्यावर सकाळी जे घडते, तेच येथे घडते. नाक्यावरच्या माणसाला काम मिळाले नाही तर तो संध्याकाळी घरी तरी परततो. दुबईत उभ्या असलेल्याला ती सोय नाही.

त्याच्या मुदतीचे दिवस मोजले जात असतात. मुदत संपली की संयुक्त अरब अमिरातीत दररोज पन्नास दिर्हम दंड चढू लागतो. महिन्याचे पंधराशे दिर्हम होतात, आणि साध्या मजुराला तेवढा मासिक पगारही अनेकदा मिळत नाही. दंड टाळावयाचा तर देशाबाहेर जाऊन नवा परवाना घेऊन परतावे लागते. इराणच्या किश बेटावर अशा परवान्याची वाट पाहत दिवस काढणाऱ्या मजुरांच्या कहाण्या आखातात सर्वांना ठाऊक आहेत. जे हेही करू शकत नाहीत, ते तेथील बोलीत 'खल्लीवल्ली' होतात, म्हणजे कोणाच्याच हिशेबात नसलेले. अशा माणसाचा पगार मालकाने बुडवला तर त्याने दाद कोठे मागावी? कामगार न्यायालयाची पायरी चढताच तो स्वतः आरोपी ठरतो. अमिरातीच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा मजुरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांचा दंड वाढवून एक लाख ते दहा लाख दिर्हम केला, आणि त्यानंतर मुदत उलटलेल्यांसाठी १ सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत माफीची योजना राबवली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु माफीच्या योजना यापूर्वीही २००७, २०१३ आणि २०१८ साली झाल्या होत्या. जी गोष्ट दर काही वर्षांनी माफ करावी लागते, ती काही वाट चुकलेल्या माणसांची चूक नसून त्या अर्थव्यवस्थेचीच रीत आहे, हे उघड आहे.

येथे या प्रश्नातील वर्गभेद स्पष्ट होतो. परक्या देशात जाऊन काम शोधणे हा स्वतः अपराध आहे काय? तसे असते तर त्याच अमिरातीने २०२२ साली कामशोधासाठी वेगळा व्हिसा सुरू केला नसता. साठ, नव्वद किंवा एकशेवीस दिवस राहून उजळ माथ्याने नोकरी शोधण्याची मुभा त्यात आहे. मात्र त्यासाठी पदवी लागते. जर्मनीने १ जून २०२४ पासून वर्षभराचे 'संधी कार्ड' देण्यास प्रारंभ केला. त्यासाठीही मान्यताप्राप्त शिक्षण हवे आणि वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी दाखवावयास हवी. म्हणजे पदवीधराने केलेला तो कामाचा शोध, आणि गवंड्याने केली ती फसवणूक! ज्यांच्या हातांनी ती शहरे बांधली, त्यांनाच तेथे काम शोधण्याचा सरळ दरवाजा नाही. म्हणून त्यांना पाहुण्याचे सोंग घ्यावे लागते आणि ते सोंग उघडे पडण्याच्या भीतीखाली जगावे लागते.

या सोंगाचा फायदा घेणारे आता आखातापुरते उरलेले नाहीत. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पाहुण्याच्या परवान्यावर थायलंड, कंबोडिया, म्यानमार आणि व्हिएतनाम या देशांत गेलेल्या भारतीयांपैकी २९ हजारांहून अधिक परतले नसल्याचे सरकारी पाहणीत आढळले, आणि त्यांत महाराष्ट्रातील माणसांची संख्या पहिल्या तीन राज्यांत होती. ते सर्वच फसलेले होते असे नव्हे. परंतु संगणकावरील नोकरीच्या आशेने बँकॉकला उतरलेल्या तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील कुंपणबंद वसाहतींत नेऊन, मारहाण करून, जगभरच्या लोकांना फोनवरून लुबाडण्याच्या कामाला जुंपण्यात आले, हे आता सिद्ध झाले आहे. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेची विमाने पाठवून अशा ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. रशियात मदतनिसाची नोकरी म्हणून गेलेल्यांना युद्धाच्या आघाडीवर उभे करण्यात आले. त्यांपैकी बारा जण मृत्युमुखी पडल्याचे जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच सांगितले. या दोन्ही प्रकरणांत तरुणाच्या पासपोर्टवर प्रवेशाचा जो शिक्का होता, तो अनेकदा पाहुण्याचाच होता.

यावर सरकारजवळ दोन उत्तरे आहेत. पहिले, सावधगिरीची सूचना. दुसरे, बंदी. सूचनेने पोट भरत नाही आणि बंदीने वाट थांबत नाही. तीस वर्षांखालील अल्पशिक्षित स्त्रियांनी घरकामासाठी आखातात जाऊ नये, असा निर्बंध त्यांच्या संरक्षणासाठी घालण्यात आला. त्यातून काय झाले? ज्यांना जावयाचे होते त्या पाहुण्या म्हणून गेल्या आणि परक्या घराच्या चार भिंतींआड कायद्याच्या दृष्टीस पूर्णपणे अदृश्य झाल्या. दुबळ्याचे संरक्षण त्याला घरात कोंडून होत नाही, हा धडा यातून घ्यावयास हवा होता. उलट ज्याच्यावर जरब बसावयास हवी, त्या एजंटाकडे कायदा किती प्रेमाने पाहतो! नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ठरवून दिला. मजुराला मुदतीबाहेर दोन दिवस राहिल्याबद्दल जेवढा दंड द्यावा लागतो, त्याहूनही ही रक्कम कमी आहे.

या संदर्भात एका जुन्या लढ्याचे स्मरण उपयुक्त ठरेल. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिया मजूर जाऊ लागले, आणि त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी गिरमिटाची पद्धत बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. परंतु काही वर्षांतच ती पद्धत बंद करणे सरकारला भाग पडले. गिरमिटियाला त्याच्या कराराने बांधले होते. आजच्या पाहुण्या मजुराजवळ करारच नाही, आणि त्या अभावानेच तो बांधला गेला आहे. गोखल्यांच्या ठरावामागे जो विचार होता, तो आजही लागू पडतो: मजूर देशाबाहेर कोणत्या अटींवर जातो, याची जबाबदारी सरकारला झटकता येत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. उत्प्रवासाच्या नव्या कायद्याचे मसुदे २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली प्रसिद्ध झाले. व्हिसा कोणताही असो, जो कामासाठी जातो तो मजूर, ही व्याख्या कायद्यात आली पाहिजे. पाहुण्याच्या परवान्यावर नोकरीसाठी पाठवणारा एजंट आणि त्याचा गावातील हस्तक या दोघांनाही जबर शिक्षा असली पाहिजे. अडचणीतील भारतीयांसाठी दूतावासांत २००९ पासून कल्याण निधी आहे. त्यातून तिकीट, दंड आणि वकील यांचे साहाय्य मजुराच्या परवान्याची जात न विचारता मिळाले पाहिजे. अमिरातीशी २०२२ साली मालाच्या व्यापारासाठी व्यापक करार होऊ शकला. मग गवंडी, सुतार, वेल्डर यांना काम शोधण्याचा सरळ परवाना मिळावा, यासाठी बोलणी का होऊ नयेत? २०२२ पासून दरवर्षी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परदेशस्थ भारतीयांकडून देशात येते. तिचा अभिमान मिरवणाऱ्या सरकारला ही बोलणी करण्याचे नैतिक बंधन आहे.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून चळवळीला मोकळे होता येणार नाही. केरळने १९९६ सालीच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, कारण तेथे हा प्रश्न राजकीय पक्षांच्या दारात पोहोचला होता. महाराष्ट्रात तो एजंटाच्या दारातच राहिला. गिरणगावात गावकीच्या खोल्यांतून कामगार संघटित झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी शारजा आणि देरा येथील खोल्यांकडे कधी संघटनेच्या दृष्टीने पाहिले नाही. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस एका कार्यकर्त्याने बसावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासून द्यावा, करार वाचून दाखवावा, पासपोर्टची आणि पैशाच्या पावतीची प्रत ठेवून घ्यावी, परतलेल्यांना जाणाऱ्यांशी बोलावयास लावावे. जाऊ नकोस असा उपदेश करून कोणी थांबणार नाही. त्याला येथे काम देता येत नसेल, तर निदान तो कोठे चालला आहे आणि कोणाच्या शब्दावर चालला आहे, हे त्याच्या गावात एका माणसाला तरी ठाऊक असावे. या कामाने मते वाढणार नाहीत, कदाचित एजंटाचे वैर तेवढे पदरी पडेल. तरीही ते हाती घ्यावयास हवे, कारण आज त्या तरुणाच्या घरी त्याच्या प्रवासाची सारी माहिती असलेला माणूस एकच आहे, आणि तो पैसे घेऊन फोन बंद करून बसला आहे.