काढतां-घालतां येणारी डोलकाठी

ज्या कल्याणच्या खाडीकाठीं सतराव्या शतकांत शिवछत्रपतींनीं जहाजें बांधविलीं, तिच्या वरच्या अंगास बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर हीं गांवें वसलीं आहेत. परंतु येथें उल्हास नदीचें पात्र उथळ व खडकाळ. वालधुनीचें तर नांवच नको! शिडाच्या होडीची हौस असलेल्या घरांतील मुलांस ती ट्रेलरवर घालून समुद्राकडे न्यावी लागते; अर्थात् डोलकाठी काढतां येणें अवश्य ठरतें.

याचा उत्तम कित्ता म्हणजे ‘ऑप्टिमिस्ट’ ही मुलांची होडी. अमेरिकेंतील क्लार्क मिल्स यानें ती १९४७ सालीं आंखिली. हिच्या डोलकाठीस बाजूंचे ताणदोर मुळींच नसतात. ती आडव्या फळीच्या भोंकांतून उतरून तळाच्या खोबणींत उभी राहते. सारा भार या दोन जागांवर.

येथेंच हिशेब चुकतो. समजा, फळीच्या वर सहा फुटांवर वाऱ्याचा जोर दहा किलो पडला. फळी व खोबणी यांत अर्ध्याच फुटाचें अंतर असेल, तर खोबणीवर १२० व फळीवर १३० किलोंचा ताण येतो. तेंच अंतर दीड फूट केलें कीं ताण ४० व ५० वर उतरतो! म्हणून फळी साधेल तितकी उंच घ्यावी. खोबणीचें लाकूड पातळ तळावर नुसतें न चिकटवितां आडव्या पट्ट्यांवर बसवावें, आणि तिला पाणी निघून जाण्यास भोंक ठेवावें. तुंबलेल्या पाण्यानें चांगलें लाकूडहि कुजतें.

परंतु वडील मंडळींनीं पाहावयाचें तें निराळेंच. होडी उलटली कीं नुसती खोंचलेली काठी आपल्या वजनानें निसटूं लागते. अर्धवट निसटलेली काठी फळी फोडते, आणि त्या वेळीं मूल जवळच पाण्यांत असतें. ऑप्टिमिस्टच्या नियमांत काठी जखडण्याची सक्ती आहे ती याचसाठीं. एक मजबूत दोरी पुरते. पण ती प्रत्येक खेपेस बांधलीच पाहिजे.

परततांना काठी किनाऱ्यावरच उतरवून ट्रेलरवर आडवी बांधावी व टोंकास लाल फडकें लावावें. घरीं येऊन अंगणांत ती पुनः उभी करून पाहण्याचा मोह मुलांस होतोच. आपल्या भागांत रेल्वेच्या तारांत २५ हजार व्होल्टचा दाब असतो, गल्लींतल्या तारा तर हाताशींच. आणि ॲल्युमिनिअमची काठी अशा तारेच्या नुसती जवळ गेली तरी घात होऊं शकतो. काठी उचलण्यापूर्वीं एका मोठ्या माणसानें वर पाहून घ्यावें.